पुण्याच्या रस्त्यांची चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं मी पुण्यातले रस्ते, वाडे, बाजार आणि पूल जलरंगात रंगवते आहे. प्रदर्शनातल्या अभिप्रायाच्या वहीत, फोनवर आणि रस्त्यात काम करताना पाठीशी उभं राहून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शहरचित्र म्हणजे निसर्गचित्रच ना? वेगळं काय त्यात?

साधनं तीच, कागद तोच, ऊनही तेच. फरक एवढाच की शहरात दिसणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणीतरी तिथे ठेवलेली असते. झाड आपोआप वाढतं, पन्हळ कुणीतरी ठोकलेली असते. खिडकीखाली भिंतीवर काळा ओघळ दिसला तर वर कुठेतरी पाणी गळतंय. दाराशेजारी दगडी चौथऱ्याचा एकच कोपरा गुळगुळीत झालेला असेल तर तिथे वर्षानुवर्षं कुणीतरी टेकून बसलंय. ही कारणं समजली की ओघळ कुठून सुरू करायचा, कुठे थांबवायचा ते हाताला कळतं. ती न समजता काढलेली भिंत नाटकाच्या पडद्यासारखी दिसते.

२. तुम्ही या विषयाकडे कशा वळलात?

माझं लहानपण शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. दोन खोल्या, पुढे सामायिक ओसरी, मागे हौद. जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका झाल्यावर मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि सुट्टीत चित्रं काढायला वाई, मेणवली, पन्हाळ्याला जायचे. वाईचा घाट किती वेळा रंगवला त्याची गणतीच नाही. आमचा वाडा एकदाही नाही, कारण तो तर होताच.

मग वाडा पाडून तिथे इमारत झाली. वर्षभराने आठवणीतून त्याचं चित्र काढायला बसले आणि माडीच्या जिन्यापाशी अडले. पायऱ्या किती? भाऊ म्हणाला अकरा, आत्या म्हणाली तेरा. आई म्हणाली, "मी कुठे कधी मोजल्या? पायांना माहीत होतं." ज्या जिन्यावरून मी रोज दहा वेळा चढले-उतरले, ज्याच्या खाली लपाछपी खेळले, त्याच्या पायऱ्या आमच्या घरात कुणालाच सांगता येईनात. ते चित्र मी पुरं केलं नाही. पुढच्या रविवारी घडीचं स्टूल घेऊन पलीकडच्या गल्लीत जाऊन बसले, आणि तेव्हापासून बसतेच आहे.

३. पुण्याला रस्त्यांची, इमारतींची चित्रं काढण्याची परंपरा आहे का? की हे इंग्रजांकडून आलं?

दोन्ही. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आश्रयाने १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इथे काम करत होता, आणि त्यांच्यासोबत गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार. गंगारामने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला, आणि स्वतःलाही चित्रात आणलं. त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. पुण्यात त्याचं नाव कितीजणांना माहीत आहे, हा विचार आला की वाईट वाटतं. कसब्यातली तांबट आळी सगळ्यांना माहीत, हा तांबट नाही.

त्याच काळातलं एक मोठं तैलचित्र म्हणजे पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या १७९० च्या तहाचा पेशव्यांचा दरबार. त्यावर सही थॉमस डॅनियलची आहे, साल १८०५. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्सही नव्हता, तो पुण्यात आला तो तहानंतर, आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने इंग्लंडमध्ये चित्र उभं केलं. चित्र भव्य आहे, मला आवडतं. पण न पाहिलेल्या जागेचं चित्र कसं तयार होतं हे समजण्यासाठी मी ते विद्यार्थ्यांना दाखवते (प्रश्न १४ पाहा).

पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून जलरंगाची जी शिस्त आली, धुरंधर, हळदणकर यांच्या पिढीने जी मुरवली, तिच्यावर आम्ही सगळे वाढलो.

४. सुरुवात करायला पुण्यातली कुठली जागा चांगली?

मंडई. १८८६ मध्ये सुरू झालेली ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, उतरती छपरं. लांबूनसुद्धा आकार ओळखू येतो, त्यामुळे तपशील चुकले तरी चित्र उभं राहतं. शिवाय मंडईत कुणी तुमच्याकडे बघत नाही, ज्याला त्याला आपली भाजी विकायची असते.

नंतर ओंकारेश्वराकडची नदीची बाजू. मग कसब्यातल्या गल्ल्या. शनिवारवाडा मात्र पहिल्यांदा घेऊ नका. एवढा सपाट, मोठा दर्शनी भाग जिवंत ठेवणं अवघड असतं, आणि त्याला उजेडाची वेगळीच अडचण आहे, ती पुढच्या उत्तरात.

५. कुठल्या वेळी जावं? सकाळी की संध्याकाळी?

आधी रस्त्याची दिशा बघा, मग घड्याळ.

लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात ऐन मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, म्हणजे इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकीच लांब पडते. म्हणून लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवसांत दक्षिणेकडच्या रांगेची सावली रस्ता ओलांडून समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत जाते आणि उत्तरेकडच्या रांगेच्या माड्या दिवसभर उन्हात असतात. खाली निळसर सावली, वर पिवळं ऊन. मला ही मांडणी फार आवडते आणि ती नोव्हेंबर ते जानेवारीच मिळते. सकाळी अलका टॉकीजच्या चौकातून पूर्वेकडे तोंड केलंत तर उजेड समोरून येतो, धूळ चमकते, माणसं आणि रिक्षा फक्त काळे आकार होतात.

दक्षिणोत्तर रस्त्यांचं उलट. सकाळी पश्चिमेची रांग उजळते, दुपारनंतर पूर्वेची.

मे महिन्याच्या मध्याला, १३ तारखेच्या आसपास, सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो. सरळ उभ्या खांबाला काही क्षण सावलीच नसते. हे बरोबर बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होतं, कारण आपलं घड्याळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. या दिवसांत दुपारचं चित्र मरतं. भिंतींवर सावली नाही, छज्ज्याखाली मात्र काळी पट्टी. ती पट्टीच विषय होऊ शकेल, पण तेवढा सराव असेल तर.

आता शनिवारवाडा. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. सप्टेंबर अखेरपासून मार्च अखेरपर्यंत त्यावर थेट ऊन पडतच नाही, दिवसभर तो स्वतःच्याच सावलीत असतो. डिसेंबरातल्या चित्रात दरवाज्यावर सोनेरी ऊन दिसलं की मी समजते, चित्रकार तिथे गेलेला नाही. ऊन हवंच असेल तर मे-जूनची सकाळ किंवा उतरती दुपार.

एक कामाची सवय सांगते. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखून टाका आणि मग त्या बदलू नका. दोन तासांत सावली सरकते आणि तिच्या मागे धावलात तर चित्रात दोन सूर्य होतात.

६. पावसाळ्यात काय करता? वॉश (पातळ रंगाचा थर) वाळतच नाही.

वाळत नाही हे खरंच. जुलैमध्ये पहिला वॉश दिल्यावर मी तास-तासभर थांबलेली आहे. म्हणून पावसात मी छोटा कागद घेते आणि ओल्यावर ओलं असंच चित्र पूर्ण करते, थर चढवायच्या भानगडीत पडत नाही. दुकानाच्या पत्र्याखाली किंवा पुलाखाली बसते. दुकानदाराला आधी विचारते.

ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली, उभंच पडतं. ते तिरकं काढायची चूक खूप होते, कारण सावली तिरकी असते आणि दोन्हींची गल्लत होते. प्रतिबिंबात उजळ रंग जरा काळवंडतात आणि गडद रंग जरा फिके होतात, एवढं सांभाळलं तर रस्ता ओला दिसतो.

कागद मात्र जपा. दमट हवेत कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, जातं. वरून कागद कोरा दिसतो, पण वॉश दिला की ठिकठिकाणी रंग शोषून डाग पडतात. असा कागद सुधारत नाही, तो सरावाला वापरायचा. पावसाळ्याआधी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

७. साहित्य काय घेऊ? महागाचं घ्यावं का?

कागदावर खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शक्यतो कापसाचा कागद. पूर्ण शीट २२ × ३० इंचांची येते. तिचे चार भाग केले की ११ × १५ चा तुकडा मिळतो, रस्त्यात बसून एका बैठकीत तेवढाच पुरा होतो.

माझ्या पेटीत सात-आठच रंग असतात. पुण्याला सगळ्यात जास्त लागतात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. दोन्हींच्या मिश्रणातून काळ्या दगडाचा राखाडी मिळतो आणि तो उन्हात उबदार, सावलीत थंड करता येतो. ट्यूबमधला काळा वापरलात तर भिंत डांबरासारखी दिसते. मंगलोरी कौलांना लाइट रेड, आणि त्यात शेवाळाचा अगदी थोडा हिरवा. अॅलिझरिन क्रिमझन नावाचा मूळ रंग उजेडात उडतो. विकायच्या चित्रात तो नको, टिकाऊ पर्याय मिळतात.

८. तारा, फ्लेक्स, दुचाक्या, पाण्याच्या टाक्या. हे सगळं चित्रात घ्यायचं? की गाळायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं मत सगळ्यात ठाम इथेच आहे. घ्या.

पहिली दहा वर्षं मीही गाळत होते. तुळशीबागेच्या शिखरापुढून तारा काढून टाकायच्या, वाड्यापुढच्या स्कूटर उचलून तिथे एखादी नऊवारीतली बाई उभी करायची. अशी चित्रं पटकन विकली जायची. मग एका प्रदर्शनात एक गृहस्थ माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि विचारलं, "हे कधीचं?" मला सांगता येईना. चित्रात काळ सांगणारं काहीच उरलेलं नव्हतं. शेजारीच माझं एक साधं, जरा चिखल झालेलं चित्र होतं, त्यात लाल बस आणि कडेला लावलेली लुना. त्या बसवर पीएमटी लिहिलेलं होतं. ते गृहस्थ लगेच म्हणाले, "हे २००७ च्या आधीचं." कारण त्या वर्षी पीएमटी या शहर बससेवेची पीएमपीएमएल झाली. वाड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. लुनाबद्दल मात्र अर्धा तास बोलले. त्यांच्या वडिलांकडे तशीच होती.

वाडा दोनशे वर्षांचा असेल, पण मी त्याच्यापुढे बसले तो दिवस एकच होता, आणि त्या दिवशी तिथे तारा होत्या. आता तारा जमिनीखाली जाताहेत. आणखी वीस वर्षांनी मुलं विचारतील की त्या होत्या तरी कशा.

घ्यायचं म्हणजे सगळं सारख्या जोराने घ्यायचं असं नाही. तार काढण्याआधी ती कुठून निघते आणि कुठे पोचते ते बघा. खांबावरून निघून माडीच्या कोपऱ्यावर जाणारी एक खरी तार दहा अंदाजे रेघांपेक्षा बोलते. ती अगदी शेवटी, लांब केसांच्या बारीक ब्रशने, एका दमात. तार मध्ये तुटली तर तुटू द्या, डोळा ती जोडून घेतो. फ्लेक्सवरची अक्षरं वाचता येतील अशी काढू नका, नाहीतर बघणारा चित्र सोडून ती वाचत बसतो. रंगांचे ठोकळे पुरतात. दुचाक्यांची रांग म्हणजे एक गडद आकार आणि त्यावर आरशांचे चार-पाच पांढरे ठिपके.

मी दोन गोष्टी मुद्दाम सोडते. गाड्यांचे नंबर, आणि उघड्या दारातून दिसणारं कुणाच्या घरातलं आयुष्य. दोरीवरचे कपडे घेते, पण माणूस आत जेवत असेल तर ते दार अंधारं करते.

९. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जमत नाही. घरं एकमेकांवर पडल्यासारखी दिसतात.

पुस्तकातला रस्ता सरळ असतो, पेठेतला वळतो. त्यामुळे प्रत्येक घराच्या लांब जाणाऱ्या आडव्या रेषा वेगळ्या बिंदूत मिळतात. सगळ्यांना एकाच बिंदूत ओढलंत की घरं कोसळतात. मात्र रस्ता सपाट असेल तर हे सगळे बिंदू तुमच्या डोळ्याच्या पातळीवरच्या एकाच आडव्या रेषेवर येतात. ती रेषा आधी आखा. रस्ता समोर उतरत असेल तर रस्त्याच्या कडांचा बिंदू त्या रेषेखाली जातो, घरांचा तिथेच राहतो. एवढं एक वाक्य समजायला मला दोन वर्षं लागली होती.

१०. माणसं कशी काढायची?

उभं राहून काम करत असाल तर सपाट रस्त्यावरच्या, तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी डोळ्याच्या पातळीच्या त्या रेषेवरच (प्रश्न ९) येतात, जवळची असोत की लांबची. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. स्टुलावर बसलात की रेषा खाली येते आणि जवळच्या माणसांची डोकी वर जातात. चेहरे काढू नका, चाल काढा. हातात पिशवी असलेला माणूस एका बाजूला कलतो, तेवढा कल पुरे.

११. फोटोवरून काढलं तर ते कमी प्रतीचं का?

नाही. मॉरिस उत्रियोने पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या गल्ल्या कितीतरी वेळा पोस्टकार्डांवरून रंगवल्या आणि त्या भिंतींचा पांढरा आजही बघत राहावासा वाटतो. पण तो त्याच गल्ल्यांत लहानाचा मोठा झाला होता. फोटो त्याला आठवण करून देत होता, ओळख करून देत नव्हता.

फोटोची खरी अडचण सावल्यांची आहे. सावलीत डोळ्याला निळा, जांभळा, समोरच्या भिंतीवरून उडालेला पिवळा दिसतो, मोबाइलला बहुधा काळपट दिसतं. म्हणून फोटो जरूर घ्या, पण त्याआधी जागेवर पाच मिनिटं उभं राहून सावलीत कुठले रंग दिसतात ते वहीत शब्दांत लिहा.

१२. गुडघे दुखतात, उन्हात बसवत नाही. मग हे माझ्यासाठी नाही का?

खिडकीत बसा. कामिय पिसारोला डोळ्याच्या आजारामुळे बाहेर बसता येत नव्हतं. १८९७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये हॉटेलची खोली घेतली आणि खिडकीतून खालच्या बुलवार मोंमार्त्रची १४ चित्रं केली. सकाळ, धुकं, पाऊस, रात्र. जागा एकच.

माझ्या वर्गात येणाऱ्या एक आजी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या दोन वर्षं समोरची एकच गच्ची काढताहेत. त्या गच्चीवर वाळवणं कधी येतात, पतंग कधी, पाण्याच्या टाकीवर कावळा किती वाजता बसतो, हे सगळं त्यांच्या चित्रांत आहे.

१३. रस्त्यात बसायला परवानगी लागते का? मुलीने एकटीने बसावं का?

सार्वजनिक रस्त्यावर मांडीवर बोर्ड घेऊन, कुणाच्या वाटेत न येता बसायला मला कधी परवानगी लागलेली नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर अशा संरक्षित वास्तूंच्या आवारात तिपाई लावायची असेल तर आधी तिथल्या कार्यालयात विचारा. देवळात पुजाऱ्यांना, दुकानापुढे दुकानदाराला.

लष्करी भागाचा अपवाद लक्षात ठेवा. पुण्यात तो मोठा आहे : खडकी, दापोडी, कॅम्पचा काही भाग. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टमध्ये प्रतिबंधित जागांचं रेखाटन करणं हाही गुन्हा आहे, फक्त फोटो नव्हे. पाटी असेल तिथे वहीसुद्धा उघडू नका. कॅम्पातल्या बाजाराच्या रस्त्यांना अडचण नाही.

एकटीने बसण्याबद्दल. मी बसते. पाठ भिंतीला लागेल अशी जागा निवडते, म्हणजे मागून कुणी वाकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत जवळच्या टपरीवर चहा घेते आणि दादांना सांगते की दोन तास इथे आहे. एवढ्याने त्या गल्लीत तुम्ही ओळखीच्या होता. सकाळी सात ते नऊ पेठा सर्वांत सोयीच्या : दूधवाले, पेपरवाले, देवळात निघालेल्या मावश्या, सतत कुणीतरी असतं.

१४. आमचा वाडा पाडला. जुन्या फोटोंवरून चित्र करून द्याल का?

करते, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ देते.

घरचे लोक बहुधा वाड्याचा 'चांगला' फोटो शोधून आणतात. तो कमी कामाचा असतो. मला लग्नमुंजीचे अल्बम हवे असतात. माणसांच्या मागे खांब दिसतो, तुळई दिसते, खुंटीला काय अडकवलेलं ते दिसतं. नवरीच्या खांद्यामागे एकदा मला संपूर्ण कडीपाट (लाकडी छत) सापडला. ओळखीच्या माणसाच्या उंचीवरून दाराची उंची काढता येते. मग घरातल्या दोन-तीन वयस्कर माणसांना वेगवेगळं बसवून विचारते : दर्शनी भागाला खण (दोन खांबांमधले गाळे) किती, दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) उजवीकडे की डावीकडे, नळ कुठे होता. एकत्र बसवलं की सगळे मोठ्या आवाजाच्या माणसाचं ऐकतात.

नदीकाठच्या काही कुटुंबांकडे १२ जुलै १९६१ च्या आधीचा एकही फोटो नसतो. पानशेतच्या पुरात सगळं गेलं. अशा वेळी मी आधी स्पष्ट सांगते की हे चित्र तुमच्या सांगण्याचं होईल, वाड्याचं नव्हे. ज्या भागाबद्दल कुणाचंच एकमत नाही तो मी सावलीत किंवा झाडाआड ठेवते. अंदाजाने खिडकी काढून देत नाही. ती खिडकी पुढच्या पिढीला खरी वाटेल. चित्राच्या मागे तसं लिहितेही (प्रश्न १९).

१५. चित्र पुरावा म्हणून चालतं का?

एका जुन्या भाडेकरू काकांनी मला विचारलं होतं की मी काढलेल्या चित्रात त्यांच्या खोलीचं वेगळं दार दिसतंय, तर तसं लिहून द्याल का. मालकाशी त्यांचा वाद चालू होता. मी नम्रपणे नाही म्हटलं. मी दार पाहिलं होतं आणि काढलं होतं, पण त्याच चित्रात मांडणीसाठी मी एक झाड दोन हात डावीकडे सरकवलं होतं. जलरंगाचं चित्र मोजमापाचा नकाशा नसतं. वादाची जागा असेल तर रीतसर मोजणी आणि फोटो करून घ्या. त्यानंतर मात्र मी झाडंही सरकवणं सोडलं.

१६. चित्राची किंमत कशी ठरवता? यावर पोट भरतं का?

बराच काळ शाळेची नोकरी आणि शनिवार-रविवारचे वर्ग यांवर घर चाललं. आता चित्रं आणि वर्ग मिळून भागतं. किंमत मी आकारावर ठरवते, चौरस इंचाचा एक दर, फ्रेम वेगळी. 'या चित्राला जास्त कष्ट पडले' म्हणून दर वाढवत नाही, कारण सर्वांत चांगली चित्रं बहुधा सव्वा तासात होतात. सांगितलेल्या कामाची निम्मी रक्कम आधी घ्या. ओळखीच्यांकडूनसुद्धा.

पहिल्या प्रदर्शनासाठी बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन बघा. नाटकाला आलेला माणूस बालगंधर्वात सहज डोकावतो, आणि पेठांच्या चित्रांचा खरा गिऱ्हाईक तोच असतो.

१७. चित्र विकलं की त्याचे हक्कही जातात का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कागद विकला म्हणून कॉपीराइट जात नाही, तो लेखी दिला तरच जातो. विकत घेणाऱ्याने चित्र भिंतीवर लावावं, पुन्हा विकावं, पण त्याची कॅलेंडरं छापायची तर तुम्हाला विचारावं लागतं. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. इमारतीचं चित्र काढलं म्हणून वास्तुविशारदाच्या हक्काचा भंग होत नाही. चौकातल्या कायमच्या पुतळ्याचंही तसंच.

अपवाद मात्र मोठा आहे आणि मी तो अनुभवाने शिकले. कुणी मोबदला ठरवून सांगून चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कलम १७ नुसार पहिला हक्क त्या सांगणाऱ्याचा ठरतो. एका बांधकाम व्यावसायिकाने माझ्याकडून पेठेतल्या वाड्याचं चित्र करून घेतलं. मला वाटलं वाड्याची आठवण जपताहेत. सहा महिन्यांनी ते चित्र त्याच जागेवरच्या नव्या इमारतीच्या जाहिरातपत्रकावर दिसलं. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून आधी एक पानाचा करार : चित्र तुमचं, छापण्याचा हक्क माझा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकिलांना विचारा, माझ्या उत्तरावर थांबू नका.

१८. फक्त जुनं पुणंच का? मेट्रो, काचेच्या इमारती कधी काढणार?

काढते. नदीपात्रातले मेट्रोचे खांब आले तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं, पण पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले तेव्हा लकडी पूल किती बुटका आणि रुंद आहे ते दिसलं. इतकी वर्षं त्याला मापच नव्हतं. मंडईखालून आता मेट्रो जाते, वर भाजी तशीच विकली जाते आहे. काचेच्या इमारतीला स्वतःचा रंग नसतो, आकाश आणि समोरची इमारत यांचाच रंग भरायचा. ज्यांना पाण्यातलं प्रतिबिंब जमतं (प्रश्न ६) त्यांना तेही जमतं. प्रश्न आवडीचा नाही. आज हिंजवडीत वाढणाऱ्या मुलीचा जिना तिथे आहे.

१९. फ्रेम कशी करावी? आणि चित्राच्या मागे तुम्ही एवढं काय लिहिता?

काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ओल येते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते आणि बुरशी धरत नाही.

मागे लिहिते ते पेन्सिलने, कारण शाई पुढे फुटते. तारीख, वेळ, मी कुठे बसले होते, कुठल्या दिशेला तोंड होतं, आणि रंगात सांगता न आलेलं जे असेल ते. कसब्यातल्या एका चित्रामागचा मजकूर असा आहे :

"९ जानेवारी, सकाळी ७:५० ते ९:३५. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून, वायव्येला तोंड. थंडी, बोटं वळत नव्हती. दर्शनी भाग पाच खण, उजवीकडून दुसरी खिडकी विटांनी बुजवलेली. तांब्यावर हातोड्याचा आवाज सव्वाआठपासून. समोरच्या आजींनी दोनदा चहा दिला. माडीचा जिना बाहेरून दिसतो. पायऱ्या बारा. वर जाऊन मोजल्या."